कॅन्सरच्या रुग्णांसाठी चित्रदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दान आलेली चित्रं विकून संस्था कॅन्सरच्या रुग्णांसाठी पैसे उभे करतात. त्याबद्दल चित्रकार, संग्राहक, छोट्या संस्था आणि चित्र विकत घेऊ पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या, त्यातही मुंबईतल्या व्यवहाराला धरून आहेत. आयकर कायदा, २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण देणगीवर करसवलत देणाऱ्या कलमाला सगळे अजून '८०जी' असंच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. पावतीवर कोणता क्रमांक हवा ते संस्थेच्या सीएकडून तपासून घ्या.

१. उपचार तर सरकारी योजनेतून होतात. मग चित्रांचे पैसे कशाला लागतात?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयातल्या उपचारांचा मोठा भार उचलला जातो. अडचण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सुरू होते. रेडिएशन बहुधा आठवड्यातले पाच दिवस आणि पाच-सहा-सात आठवडे चालतं. मशीनवर रोज काही मिनिटं जातात, पण नांदेडहून किंवा गडचिरोलीहून आलेल्या माणसाला त्यासाठी दीड-दोन महिने परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास राहावं लागतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा लहान मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून चालणारी सेंट ज्यूड्सची केंद्रं याच गरजेतून उभी राहिली. रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला रुग्णाचं भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यामुळे पैसा संपतो तो खोलीभाडं, दोन वेळचं जेवण आणि रोजची टॅक्सी यांवर. सोबत्याची बुडालेली मजुरी वेगळीच.

याशिवाय स्टोमाच्या (शस्त्रक्रियेनंतर मल-मूत्रासाठी पोटावर केलेल्या छिद्राच्या) पिशव्या, स्तन काढल्यानंतर वापरायचं सिलिकॉनचं कृत्रिम स्तन, विग आणि समुपदेशन हे खर्चही असतात. एक छोटं उदाहरण मिक्सरचं. तोंडाच्या कॅन्सरचे बरेच रुग्ण काही काळ नाकातल्या नळीवर असतात. वरण-भात, अंडं, दूध, सगळं एकजीव वाटून आणि गाळून द्यावं लागतं. भाताचं एक कण राहिलं तरी नळी तुंबते आणि ती बदलायला पुन्हा रुग्णालय गाठावं लागतं. दहा-बारा रुग्णांचं वाटण एका घरगुती मिक्सरवर दिवसभर चाललं की त्याची मोटर जळते. हॉटेलात वापरतात तसा मिक्सर घ्यायला मध्यम आकाराच्या एका चित्राचे पैसे पुरतात.

२. संस्था खरी आहे हे कसं ओळखावं?

चार गोष्टी मागा: धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, आयकराची १२एबी (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसूट देणारी) आणि ८०जी नोंदणी, मागच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले, तर तिथेच थांबा. नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक निधी गोळा करायचा असेल, तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची कलम ४१क खालची परवानगी लागते. गणेशमंडळांना ही परवानगी परिचित आहे, चित्रप्रदर्शनवाले मात्र ती हमखास विसरतात.

शिवाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा. कोणती संस्था दर आठवड्याला येते आणि कोणती फक्त फोटोपुरती, हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं.

३. मी हौशी चित्रकार आहे. माझं चित्र चालेल का?

चालेल, पण ते स्वतंत्र असावं. फोटोवरून किंवा दुसऱ्याच्या चित्रावरून केलेली नक्कल देऊ नका. काही प्रदर्शनांत सगळ्यांना एकाच मापाची पोस्टकार्डं देतात, सही मागच्या बाजूला घ्यायची आणि प्रत्येक कार्डाची किंमत एकच. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टनं १९९४ पासून ही पद्धत विद्यार्थ्यांच्या निधीसाठी रुजवली. नाव दिसत नसल्यानं माणूस चित्र बघून निवडतो आणि हौशी हात नामवंतांच्या शेजारी बरोबरीनं टांगला जातो.

४. कोणतं चित्र द्यावं?

तुम्ही गॅलरीत विक्रीला लावाल असंच. स्टुडिओत पाच वर्षं भिंतीला तोंड करून उभं असलेलं चित्र दानात दिलं, तर ते तिथेही तसंच उभं राहतं. देणाऱ्याला वाटतं आपण मदत केली, आणि संस्थेच्या वाट्याला फ्रेमचा आणि टेम्पोचा खर्च येतो. हे स्पष्ट लिहिणं भाग आहे, कारण उरलेल्या चित्रांतली बरीचशी या जातीची असतात.

१२×१६ ते २४×३० इंचांची चित्रं लवकर जातात, कारण मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये तेवढीच भिंत असते. चार फुटांपुढचं चित्र द्यायचं असेल, तर आधी संस्थेशी बोला. विषय आजाराचाच हवा असं काही नाही. गुलाबी रिबिनी आणि मिटलेले डोळे यांपेक्षा चांगलं निसर्गचित्र किंवा धीट अमूर्त चित्र जास्त पैसे आणतं.

५. चित्र देताना काय लिहून द्यायचं?

दोन कागद लागतात. पहिला चित्राचा तपशील: नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आधी उंची मग रुंदी, सही कुठे आहे, आणि मुद्राचित्र असेल तर आवृत्ती क्रमांक (३/२५ म्हणजे पंचवीस प्रतींतली तिसरी). हाच तपशील चित्राच्या मागे कागदी लेबलवर पेन्सिलीनं लिहून लावा. मार्करची शाई कॅनव्हासमधून पुढे उतरते.

दुसरा कागद देणगीपत्र. चित्र दान दिलं आहे की फक्त विक्रीसाठी ठेवलं आहे, हे त्यात नेमकं लिहा. दान दिलं की मालकी संस्थेची झाली, मग न विकलेलं चित्र परत मागायचा हक्क राहत नाही. परत हवं असेल, तर किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चानं ते त्याच पत्रात घाला. चित्र हातात देताना त्याची पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांची छायाचित्रं काढून दोघांनी तारीख घालून सह्या करा. 'ओरखडा आधीच होता' हा वाद एवढ्यानं मिटतो.

६. किंमत कोणी ठरवायची?

चित्रकारानं. आपल्याकडे चौरस इंचाचा दर धरायची पद्धत आहे. तोच दर इथेही लावा. 'चांगल्या कामासाठी आहे, म्हणून निम्म्यात' असं केलं, की गेल्या वर्षी पूर्ण पैसे मोजलेला ग्राहक दुखावतो आणि चित्रकाराचा बाजारभाव खाली येतो. असं एकदा झालं की तो चित्रकार पुढच्या वर्षी चित्र देत नाही. दर वाढवूनही ठेवू नका, कारण घेणारे चौकशी करतात. फ्रेमचा खर्च वेगळा दाखवा.

७. निम्मे पैसे चित्रकारानं ठेवले तर त्यात गैर काय?

काहीच नाही. चित्रांवरच पोट असलेल्या माणसाकडून दरवर्षी फुकट चित्र मागणं बरोबर नाही. ५०-५० ठरलं, तर मोठ्या चित्रकारांकडूनही चांगलं काम येतं. मात्र 'सर्व रक्कम रुग्णांसाठी' असा फलक लावायचा नाही. प्रत्येक चित्राखालच्या पट्टीवर संस्थेचा वाटा किती ते छापा.

८. चित्र दान केलं तर चित्रकाराला ८०जीची वजावट मिळते का?

नाही. ८०जी फक्त पैशांच्या देणगीला आहे, वस्तूंच्या दानाला नाही. रोख देणगीही २,००० रुपयांपर्यंतचीच धरतात, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मुळातच नाही.

तरी चित्रच दान करणं चित्रकाराला बहुधा फायद्याचं पडतं. समजा चित्र ६०,००० रुपयांना गेलं. चित्र दान केलेलं असेल, तर विक्री संस्थेची. तुमच्या उत्पन्नात त्यातलं काहीच धरलं जात नाही. उलट चित्र तुम्ही विकून मग ६०,००० चा चेक दिला, तर ६०,००० उत्पन्नात धरले जातात आणि जुन्या प्रणालीत बहुतेक संस्थांच्या बाबतीत वजावट त्याच्या निम्मी, म्हणजे ३०,००० ची. दिलेल्या पैशांतल्या ३०,००० वर तुम्हीच कर भरता. फक्त विक्रीसाठी ठेवलेल्या चित्रालाही (प्रश्न ५) हा दुसरा हिशेब लागू होतो.

९. मी चित्रकार नाही, पण माझ्या संग्रहातलं चित्र द्यायचं आहे.

आनंदानं द्या. चित्रं, रेखाटनं, शिल्पं ही करासाठी घरगुती वस्तू धरली जात नाहीत, भांडवली मालमत्ता धरली जातात. दान केलंत तर भांडवली नफा होत नाही. स्वतः विकून पैसे दिलेत, तर २४ महिन्यांहून जास्त काळ बाळगलेल्या चित्राच्या नफ्यावर १२.५ टक्के कर पडतो, आणि त्या नफ्यातून ८०जीची वजावटही मिळत नाही. म्हणून चित्रच द्या. खरेदीची पावती, जुन्या प्रदर्शनाची पुस्तिका, असेल तर चित्रकाराचं पत्र सोबत जोडा. दिवंगत चित्रकाराचं चित्र अशा कागदांशिवाय घेऊ नये, असं आमचं संस्थांना आग्रहाचं सांगणं आहे. दानात आलेलं बनावट चित्र संस्थेच्या नावावर विकलं जातं, आणि बदनामीही तिचीच होते.

१०. मी चित्र विकत घेतलं. मला ८०जीची पावती का देत नाहीत?

कारण तुम्हाला मोबदल्यात चित्र मिळालं. ती खरेदी झाली, देणगी नव्हे. खरेदीचं बिल मिळेल. चित्राशिवाय वेगळी देणगी द्यायची असेल, तर वेगळ्या व्यवहारानं द्या, त्याची पावती मिळेल. '४०,००० च्या चित्रावर ४०,००० ची देणगी पावती' देणारी संस्था तुम्हालाही अडचणीत आणते. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं कायद्यानंच बंद आहे, त्यामुळे 'थोडे कॅश घ्या' असा आग्रह धरू नका.

११. कंपनीनं सीएसआरमधून (सामाजिक कामांसाठीच्या निधीतून) चित्रं घेतली तर?

बसत नाही. कंपनीच्या भिंतीवर मालमत्ता आली, तर तो सीएसआर खर्च होत नाही. कंपनीनं सीएसआरमधून धर्मशाळेच्या खोल्यांचा किंवा आहाराचा खर्च थेट द्यावा आणि चित्रं स्वतःच्या पैशानं घ्यावीत.

१२. धर्मादाय विक्रीला जीएसटी लागतो का?

लागू शकतो. धर्मादाय संस्थांना असलेली सूट ठरावीक सेवांना आहे, वस्तू विकण्याला नाही. हातानं केलेल्या चित्रांवरचा आणि मूळ शिल्पांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. नोंदणीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपये आणि सेवाही देणाऱ्याला २० लाख आहे. सूट असलेल्या सेवांची रक्कमही उलाढालीत धरतात, आणि बऱ्याच संस्था नेमक्या इथे चुकतात. चित्र परराज्यातल्या ग्राहकाला विकायचं असेल, तर ही मर्यादा कामाची नाही. प्रदर्शनाच्या दोन महिने आधी सीएसमोर बसा, नंतर नव्हे.

१३. चित्र पाठवताना कसं बांधावं?

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

अॅक्रिलिक रंगांच्या चित्रावर बबल रॅप थेट लावू नका. मे महिन्यात बंद टेम्पोत रंगाचा थर मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी ग्लासिन (रंगाला न चिकटणारा गुळगुळीत) कागद, मग बबल रॅप, तोही बुडबुडे बाहेरच्या बाजूला करून. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे किंवा फोमचे रक्षक लावा, कारण चित्र उचलताना पहिला मार कोपऱ्यालाच बसतो.

कॅनव्हास गुंडाळायचा असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंग दाबला जातो आणि उघडताना तडे जातात. नळकांड्याचा व्यास १५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. तैलचित्र सहा महिन्यांपेक्षा ताजं असेल, तर गुंडाळूच नका.

काचेवर मास्किंग टेपच्या फुल्या मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. काचेऐवजी अॅक्रिलिक शीट (पारदर्शक प्लॅस्टिक) असेल, तर मात्र टेप लावू नका, डिंक राहतो. पेस्टल आणि कोळशाचं काम माउंटमध्ये, काचेला न टेकता हवं. कागदावरचं चित्र सेलोटेपनं चिकटवलेलं असेल, तर पिवळा डाग आज नाही तर दोन वर्षांनी येणारच.

पावसाळ्यात शक्यतो चित्रं मागवू नका. मागवावी लागलीच, तर भिंतीला टेकवून ठेवू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. विमा 'भिंतीपासून भिंतीपर्यंत' घ्या. फक्त प्रवासाचा विमा हॉलमध्ये पडलेल्या चित्राला कामी येत नाही.

१४. प्रदर्शन कुठे आणि कधी भरवावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. काळा घोड्याची जहांगीर कलादालनं (१९५२) सर्वांच्या मनात असतात, पण तिथे काही वर्षं आधी अर्ज करावा लागतो. वरळीचं नेहरू सेंटर, प्रभादेवीची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी, पुण्यातलं बालगंधर्व कलादालन, पणजीची कला अकादमी यांचाही विचार करा. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर ठेवा. जलरंगावर थेट स्पॉटलाइट नको.

रुग्णालयाचं नाव पत्रिकेवर लेखी परवानगीशिवाय छापू नका. रुग्णाचा फोटो आणि आजाराचा तपशील तर नकोच. चित्र विकलं जाण्यासाठी कुणाचं दुःख भिंतीवर लावावं लागत नाही.

१५. मूक लिलाव कसा करतात?

प्रत्येक चित्राशेजारी बोलीचा कागद ठेवायचा. वर सुरुवातीची किंमत आणि पुढच्या बोलीची किमान वाढ: २५,००० पर्यंत १,०००, त्यापुढे २,५०० असं काहीही चालेल, पण छापलेलं हवं. दारातच प्रत्येकाला क्रमांक द्या आणि नाव-फोन तिथल्या वहीत घ्या. कागदावर फक्त क्रमांक लिहायचा. फोन नंबर कागदावर घेतले तर ते वाचता येत नाहीत आणि सगळ्यांसमोर उघडे राहतात.

सुरुवातीची किंमत चित्रकाराच्या नेहमीच्या दराच्या दोन-तृतीयांशाखाली नको, कारण प्रश्न ६ मध्ये सांगितलेलं नुकसान इथेही होतं.

भांडणं होतात ती शेवटच्या मिनिटाला. म्हणून सगळे कागद एकदम बंद न करता दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं भिंतीवार बंद करा. वेळ झाली की शेवटच्या बोलीखाली लाल रेघ आणि दोन स्वयंसेवकांच्या सह्या. जिंकणारा फिरला, तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याच्याच बोलीला चित्र देऊ करायचं, हेही नियमांत आधीच लिहा.

१६. शंभर-शंभर रुपयांची तिकिटं काढून लकी ड्रॉमध्ये चित्र दिलं तर?

करू नका. पैसे घेऊन सोडतीनं बक्षीस देणं म्हणजे लॉटरी, आणि आपल्याकडे लॉटरी फक्त राज्य सरकारांना चालवता येते. हेतू चांगला असला तरी भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ आड येतं.

१७. चित्र विकण्याऐवजी रुग्णालयातच लावता येईल का?

येईल, पण तो वेगळा उपक्रम आहे आणि त्यातून निधी उभा राहत नाही. काच नको, अॅक्रिलिक शीट लावा. फ्रेम मागून पूर्ण बंद आणि जंतुनाशकानं पुसता येईल अशी हवी. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या विभागात काहीही लावण्याआधी संसर्ग-नियंत्रण समितीची परवानगी घ्या. लाल शिंतोडे, विस्कटलेले चेहरे आणि गरगरायला लावणारे भोवरे टाळा, कारण किमोनंतर मळमळणारा माणूस त्यांच्याकडे तासन् तास बघत पडलेला असतो.

रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या अभ्यासात खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कमी तीव्र वेदनाशामकं लागली होती. ते रुग्ण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे होते आणि समोर खरी झाडं होती, चित्र नव्हे. तेव्हा 'चित्रानं कॅन्सर बरा होतो' असा अर्थ त्यातून काढू नका. ताटकळणाऱ्या नातेवाइकाच्या डोळ्यांना विसावा मिळाला, तरी भिंत सार्थकी लागली.

१८. परदेशातले मराठी लोक चित्र घेऊ किंवा देऊ शकतात का?

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती परकीय ठरते. मग संस्थेला एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. परकीय नागरिकानं दान दिलेलं चित्रही याच कायद्याखाली येऊ शकतं. चित्राची रास्त किंमत देऊन केलेली खरेदी वेगळी धरता येते, पण रास्त किमतीच्या वरची रक्कम देणगी ठरण्याचा धोका असल्यानं सीएचं लेखी मत घ्या.

चालू काळातल्या चित्रांना बाहेर नेण्यास बंदी नाही. रवी वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासारख्या राष्ट्रीय कलाठेवा ठरलेल्या चित्रकारांची कामं मात्र देशाबाहेर नेता येत नाहीत.

१९. दान आलेल्या चित्राचं कॅलेंडर छापून विकायचं आहे. चित्र तर आमच्याच मालकीचं आहे.

चित्र तुमचं, कॉपीराइट चित्रकाराचा. तो हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. छपाईची परवानगी लेखी घ्या: किती प्रती, किती वर्षं, नाव कसं छापायचं. कॅलेंडरात बसवायला चित्र कापायचं असेल, तर तेही विचारा. कलम ५७ खाली आपल्या कामाच्या मोडतोडीला हरकत घ्यायचा हक्क चित्रकाराकडे राहतो. विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाबद्दल अमरनाथ सेहगल यांनी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयात जिंकलेला दावा याच हक्काचा होता.

२०. चित्रकारानं चित्र देण्याचा शब्द दिला होता, पण ताबा देण्याआधीच त्यांचं निधन झालं. चित्र संस्थेला मिळतं का?

नाही. चित्रासारख्या वस्तूचं दान ताबा देऊन किंवा नोंदणीकृत दस्तानं पूर्ण होतं. फोनवरचा होकार, व्हॉट्सॲपचा निरोप, छापलेली पत्रिका यांपैकी कशानंही मालकी बदलत नाही. चित्र आता वारसांचं आहे. त्यांना काही आठवडे जाऊ द्या, मग एकानं प्रत्यक्ष जाऊन विचारा. सगळ्या वारसांच्या सह्या मिळाल्या, तरच चित्र उचला. पुस्तिका आधीच छापली गेली असेल, तर त्या पानावर 'विक्रीस नाही' अशी पट्टी चिकटवा आणि चित्रकाराचं नाव तसंच राहू द्या.